पीआरएन फायली उघडायच्या, छापायच्या, पीडीएफ करायच्या कशा?

निळी शाई

नमस्कार मंडळी. आमच्याकडचा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम बंद पडून बराच काळ लोटला. त्यातले अहवाल त्या वेळी कोणीतरी 'प्रिंट टू फाइल' करून साठवून ठेवले आहेत. शेकड्यांनी फायली आहेत आणि बहुतेकींचं शेपूट .पीआरएन. काही .एक्सपीएस आहेत, आणि एका फोल्डरात .एसपीएल व .एसएचडी अशा जोड्या आहेत.

नोटपॅडमध्ये उघडलं की चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मध्येच एखादा ओळखीचा इंग्रजी शब्द. 'नाव बदलून .पीडीएफ करा, उघडेल' असं एकाने सांगितलं होतं. नाही उघडत. काही अहवाल मराठीत आहेत आणि नेमके तेच जास्त लागतात.

पडद्यावर पाहता येतील का? तशाच छापता येतील का? आणि शोधता येईल अशी पीडीएफ होईल का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

बिनतारी

ऑनलाइन कन्व्हर्टर ढिगाने आहेत. फाइल चढवा, पीडीएफ उतरवा. एवढं काय त्यात.

आडवा कागद

@बिनतारी, हिशेबाच्या फायली अनोळखी सर्व्हरवर चढवायच्या? माझा साफ विरोध. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पीआरएनच्या डोक्यावर बरेचदा पीजेएलच्या, म्हणजे प्रिंटरला छपाईच्या कामाबद्दल (जॉबबद्दल) सूचना देणाऱ्या ओळी असतात. त्यात जॉबचं नाव, छापणाऱ्याचं युजरनेम, कधी संगणकाचंही नाव साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. 'पिन टाकल्याशिवाय छापू नका' असा राखीव जॉब असेल तर तो पिनसुद्धा 'होल्डकी' या ओळीत उघड्यावर पडलेला सापडतो. आधी फाइल वाचा, मग ठरवा.

जुनाट डबा

ताई, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या दिशेने जाईल. पीआरएन हा फॉरमॅट नाही. ते नुसतं पाकीट आहे, आतलं पत्र कोणत्या भाषेत आहे ते वरून कळत नाही. प्रिंट टू फाइल केलं की ड्रायव्हर प्रिंटरला जे बाइट पाठवणार होता तेच उचलून फाइलमध्ये ओततो. त्या वेळी ज्या प्रिंटरचा ड्रायव्हर निवडलेला होता, त्या प्रिंटरची भाषा आत. म्हणून एकाच फोल्डरातल्या दोन पीआरएन एकमेकींच्या अजिबात नात्यातल्या नसतात. नाव बदलून पीडीएफ होत नाही तेही याच कारणाने.

हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा बाइट न् बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडा आणि पहिल्या दोन-चार ओळी पाहा. बहुतेक उलगडा तिथेच होतो.

टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि लगेच पीएस दिसलं तर ती पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं काढायचं ते प्रिंटरला सांगणारी एक भाषा. त्याखाली टायटल, क्रिएटर, पेजेस अशा ओळी वाचताही येतात. कधी सगळ्यात आधी ४ या किमतीचा एक एकटा बाइट असतो. तो कंट्रोल-डी. जॉबच्या आगेमागे तो पाठवायची सोय विंडोजच्या पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरमध्ये असते.

सुरुवातीला एस्केप, म्हणजे २७ नंबरचा बाइट, मग टक्का, उणे आणि १२३४५एक्स असं दिसलं की पीजेएल. ही पानाची भाषा नव्हे, भाषा बदलण्याची सूचना. पुढे 'एंटर लँग्वेज' अशी ओळ शोधा. तिच्यात पीसीएल, पीसीएलएक्सएल की पोस्टस्क्रिप्ट यांपैकी प्रिंटरची कोणती भाषा ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

एस्केप आणि लगेच कॅपिटल ई असेल तर पीसीएल ५ किंवा त्याच्या आधीची. एस्केप आणि ॲटचं चिन्ह असेल तर एप्सनची ईएससी/पी, म्हणजे बहुधा डॉट मॅट्रिक्स. टोपीचं चिन्ह आणि एक्सए असेल तर झेब्राचं लेबल. आणि पीके असेल तर ती झिप आहे, म्हणजे एक्सपीएस (मायक्रोसॉफ्टचा पीडीएफसारखा प्रकार) असण्याची शक्यता मोठी.

लिनक्स हाताशी असेल तर 'फाइल' नावाची कमांड यातलं बरंचसं स्वतःच ओळखून सांगते.

पाहायला नोटपॅड चालेल, पण चुकूनही सेव्ह करू नका. त्यात बायनरी बाइटांचं वाटोळं होतं.

खोडरबर

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही असाच ढीग आहे.

टोनरखोर

डबाकाकांनी पाया घातला, मी भिंती उभ्या करतो.

पोस्टस्क्रिप्ट निघाली तर तुम्ही सुटलात. घोस्टस्क्रिप्ट बसवा. १९८८ पासूनचा प्रोग्रॅम आहे, मोफत आहे, आणि पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करण्यात त्याचा हात धरणारा मला तरी माहीत नाही. 'पीएसटूपीडीएफ' ही छोटी स्क्रिप्ट सोबत येते, तिला फाइल द्यायची की झालं. नुसतं पाहायचं असेल तर लिनक्सवर ऑक्युलर आणि विंडोजवर सुमात्रापीडीएफ. सुमात्राला पोस्टस्क्रिप्टसाठी शेजारी घोस्टस्क्रिप्ट बसवलेलं लागतं. मॅकवाल्यांनी प्रिव्ह्यूच्या भरवशावर राहू नये, २०२२ च्या व्हेंचुरापासून त्यात पीएस आणि ईपीएस उघडत नाहीत.

पीसीएल ५ किंवा पीसीएल एक्सएल निघाली तर नुसतं घोस्टस्क्रिप्ट चालणार नाही. त्याच घरातलं घोस्टपीसीएल वेगळं उतरवा. पर्याय जवळपास तेच: डिव्हाइस म्हणून 'पीडीएफराइट', आउटपुटचं नाव, शेवटी इनपुट फाइल. एक्सपीएससाठी घोस्टएक्सपीएस आहे. आणि काय निघेल याचा नेम नसेल तर घोस्टपीडीएल. ते फाइलचं तोंड पाहून भाषा स्वतः ठरवतं. तुमच्यासारख्या मिश्र ढिगाला हेच बरं.

काही व्ह्यूअर पोस्टस्क्रिप्टच्या आधी पीजेएलच्या ओळी दिसल्या की अडून बसतात. अशा वेळी फाइलची नक्कल करा आणि हेक्स एडिटरमध्ये टक्का-उद्गारचिन्हाच्या आधीचं सगळं उडवा. शेवटीही तसंच एस्केपचं शेपूट असतं, तेही काढा.

आणखी एक. 'पीडीएफ सेटिंग्ज'मध्ये 'स्क्रीन' निवडू नका. त्यात चित्रं ७२ डीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांवर, आणली जातात. 'ईबुक' १५० ला नेतं, 'प्रिंटर' ३०० ला. साठवणीच्या कामाला 'प्रिंटर'च्या खाली उतरायचं कारण नाही.

अर्धविराम

पोस्टस्क्रिप्टबद्दल एक सावधगिरीची सूचना. ती पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा आहे. लूप, अटी, व्हेरिएबल, फाइल वाचणं-लिहिणं, सगळं आहे तिच्यात. फाइल 'उघडणं' म्हणजे तो प्रोग्रॅम चालवणं. घोस्टस्क्रिप्टमध्ये २०१९ च्या ९.५० आवृत्तीपासून 'सेफर' हा बंदोबस्त आपोआप चालू असतो, त्याआधी तो सांगून चालू करावा लागे. म्हणून कुठल्या तरी जुन्या सीडीवरची आवृत्ती बसवू नका. ताईंच्या फायली घरच्याच आहेत, पण मेलने आलेली अनोळखी पीएस फाइल सहज म्हणून उघडू नये.

निळी शाई

किती सुंदर प्रतिसाद! काही फायली तपासल्या. तीन जाती दिसतात. बऱ्याच पीजेएलवाल्या आहेत आणि आत 'एंटर लँग्वेज'पुढे पीसीएलएक्सएल लिहिलंय. काही एस्केप आणि ॲटने सुरू होतात. थोड्या अशा आहेत की पीजेएलच्या चार ओळींनंतर नुसता कचरा, त्यातली भाषा यादीत बसतच नाही.

एस्केप-ॲटवाल्यांत आकडे आणि इंग्रजी मजकूर चक्क वाचता येतो. फक्त जिथे तक्त्याची आडवी रेघ असायला हवी तिथे डोक्यावर दोन टिंबं दिलेल्या 'ए'ची रांगच्या रांग आहे. हे काय?

जुनाट डबा

ती रेघच आहे ताई! डॉसच्या ४३७ नंबरच्या कोडपेजमध्ये (कोणत्या किमतीला कोणतं अक्षर, त्याचा तक्ता) १९६ या किमतीला आडवी रेघ आहे, विंडोजच्या १२५२ मध्ये त्याच किमतीला टिंबवाला 'ए'. बाइट बरोबर आहे, एडिटर चुकीच्या तक्त्यात बघतोय. नोटपॅड++ मध्ये एन्कोडिंग ओईएम ४३७ करा, चौकटी जागच्या जागी उभ्या राहतील.

मजकुरात मध्येमध्ये १५, १८ आणि १२ किमतीचे बाइट सापडतील. १५ म्हणजे इथून बारीक अक्षर, १८ म्हणजे बारीक बंद, १२ म्हणजे पान संपलं. साध्या अक्षरात आठ इंचांच्या ओळीत ८० अक्षरं बसतात, बारीक केल्यावर १३२ सहज. म्हणून रुंद तक्ते हमखास १५ ने सुरू होतात. एस्केपचे कोड स्क्रिप्टने गाळा, १२ दिसलं की नवं पान धरा, समरुंद अक्षराचा फाँट लावून पीडीएफ करा. यात मजकूर खराच मजकूर राहतो, म्हणजे शोधही चालेल. या फायलींना महागडं सॉफ्टवेअर विकणारे भेटतील. दारातूनच परत पाठवा.

बिनतारी

ओके, ऑनलाइनचा मुद्दा मागे घेतो. 🙂 पण छापण्याचं काय? नव्या प्रिंटरवर जुनी पीआरएन जाईल का?

आडवा कागद

जाईल, प्रिंटरला ती भाषा येत असेल तर. नसेल तर काय होतं ते बहुतेकांनी पाहिलंय. पोस्टस्क्रिप्ट न कळणारा प्रिंटर तिला साधा मजकूर समजतो आणि प्रोग्रॅमच छापत सुटतो. आधी टक्का-उद्गारचिन्हाची ओळ, मग पानामागून पान कोड. पाठवण्याआधी ट्रेमध्ये दोनच कागद ठेवा, फार तर दोन वाया जातील.

विंडोजवर राजमार्ग म्हणजे प्रिंटर शेअर करायचा आणि कमांड प्रॉम्प्टवरून फाइल कॉपी करायची. 'कॉपी', मग स्लॅश बी, फाइलचं नाव, मग दोन उलट्या स्लॅश, संगणकाचं नाव, एक उलटी स्लॅश आणि शेअरचं नाव. यूएसबीवरचा प्रिंटरही असाच शेअर करून चालतो.

ती स्लॅश बी सोडू नका. ती नसेल तर डिव्हाइसवर कॉपी करताना विंडोज फाइलला मजकूर समजतं आणि २६ किमतीचा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, आला की 'फाइल संपली' म्हणून थांबतं. पीसीएल एक्सएलसारख्या बायनरी फाइलमध्ये २६ कुठेही येऊ शकतो. अर्धंच पान छापून प्रिंटर गप्प बसला तर पहिला संशय याचाच घ्या.

नेटवर्कवरचा प्रिंटर असेल तर बहुतेकांचं ९१०० नंबरचं पोर्ट कच्चे बाइट घेतं. 'नेटकॅट' या कमांडने फाइल तिथे ढकलली की काम होतं. लिनक्सवर 'एलपी'ला 'रॉ' पर्याय द्या. काही ऑफिस प्रिंटरांच्या वेब पानावरही फाइल थेट चढवायची सोय असते.

हे करून काही बदलता मात्र येणार नाही. कागदाचा आकार, ट्रे, दोन्ही बाजूंनी छपाई, सगळं फाइल करतानाच आत गोठलेलं असतं. फाइल लेटर आकाराची असेल आणि ट्रेमध्ये ए४ असेल तर प्रिंटर लेटर कागद मागत बसेल. (अवांतर: जुन्या लेझरजेटवरचा 'पीसी लोड लेटर' हा कुप्रसिद्ध संदेश हाच. त्यातलं पीसी म्हणजे पेपर कॅसेट, संगणकाचा काही संबंध नाही.) आकार बदलायचा तर आधी पीडीएफ करा, मग छापा.

खोडरबर

एसपीएलवर कोणी बोललं नाही. ती विंडोजच्या छपाईच्या रांगेतली फाइल. सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' म्हणून असतं तिथली. एसएचडी म्हणजे जॉबची माहिती: कोणी पाठवला, कोणत्या प्रिंटरला. मजकूर एसपीएलमध्ये. ती दोन प्रकारची असते, रॉ किंवा ईएमएफ. रॉ असेल तर ती पीआरएनच समजा, वरचं सगळं लागू. ईएमएफ असेल तर विंडोजच्या चित्रआज्ञा आहेत, अजून प्रिंटरच्या भाषेत गेलेल्याच नाहीत. त्यासाठी वेगळे एसपीएल व्ह्यूअर मिळतात.

आणि चालू रांग अडकली म्हणून कोणी इथे आलं असेल तर: प्रिंट स्पूलर सेवा थांबवा, तो फोल्डर रिकामा करा, सेवा सुरू करा. पुढे चला.

निळी शाई

घोस्टपीडीएलने पीसीएल एक्सएलवाल्यांच्या पीडीएफ झाल्या! पानं हुबेहूब. आनंद मात्र अर्धाच. मराठी अहवालात डोळ्यांना 'शिल्लक' स्वच्छ दिसतंय, शोधलं तर एकही सापडत नाही. तो शब्द निवडून दुसरीकडे चिकटवला तर अवतरणचिन्ह, हॅश, दोन चौकोन असलं काहीतरी येतं. इंग्रजी अहवाल मात्र बऱ्यापैकी शोधता येतात.

टोनरखोर

धाग्याच्या खऱ्या विषयावर आलात.

प्रिंटरला शब्द कळायची गरजच नसते, त्याला आकार हवे असतात. ड्रायव्हर काय करतो, मजकुरात लागलेले तेवढेच आकार फाँटमधून उचलतो, त्यांना स्वतःच्या सोयीने क्रमांक देतो आणि सांगतो, इथे ३३ नंबरचा आकार उमटव, मग ३४ नंबरचा. इंग्रजीत पुष्कळदा क्रमांक मूळ अक्षराच्या कोडशी जुळते राहतात, म्हणून शोध चालतो. देवनागरीत तसं होत नाही. 'ल्ल' हा जोडाक्षराचा एकच आकार असू शकतो आणि त्याला एकच क्रमांक मिळतो. त्यामागे ल, हलन्त, ल असे तीन युनिकोड होते ही माहिती पीआरएनमध्ये पोहोचतच नाही. घोस्टपीसीएलचा यात दोष नाही, जे आत नाही ते बाहेर कुठून येणार.

बरं, क्रमांकांचा तक्ता हाताने लावू म्हणाल तर तोही दर फाइलला बदलतो, कारण उचललेले आकार वेगळे. शिवाय आकार दिसण्याच्या क्रमाने येतात. 'शि'मधली पहिली वेलांटी आधी, श नंतर. साठवणीत श आधी हवा. म्हणजे तक्ता लावल्यावरही क्रम सुधारत बसायचं. माझ्या मते हा नाद सोडा.

सोपा उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसेरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये मराठीचा डेटा वेगळा उतरवता येतो आणि छापील, स्वच्छ पानांवर तो चांगलं काम करतो. तुमची पानं तर स्कॅनची धूळही नसलेली आहेत. 'ओसीआरमायपीडीएफ' वापरा. मूळ पान तसंच ठेवून मागे मजकुराचा अदृश्य थर टाकणं हेच त्याचं काम. एक मेख आहे: पीडीएफमध्ये आधीच मजकूर आहे असं दिसलं की ते काम करायला नकार देतं. तुमच्या फायलींत मजकूर आहे, पण निकामी. म्हणून 'फोर्स ओसीआर' द्यायचं. त्यात पान आधी चित्र होतं, मग वाचलं जातं. फाइल फुगेल, इलाज नाही.

अर्धविराम

+१. भर घालतो. एक्सपीएसवाल्या फायली वेगळ्या काढा, त्यांचं नशीब कदाचित बरं असेल. एक्सपीएस ही झिप आहे. नाव .झिप करून आत शिरलात की प्रत्येक पानाची .एफपेज फाइल दिसते, ती साधी एक्सएमएल. तिच्यात 'ग्लिफ्स' या घटकाला 'युनिकोडस्ट्रिंग' नावाचा गुणधर्म असू शकतो. तिथे मराठी मजकूर नीट दिसला तर ओसीआरची गरज नाही, थेट तो उपसा. रिकामा किंवा भलतंच काही असेल तर मग टोनरखोरांचा रस्ता.

पाहायला सुमात्रापीडीएफ चालतं. विंडोजचा स्वतःचा एक्सपीएस व्ह्यूअर विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये आपोआप येत नाही, ऐच्छिक सुविधांतून घ्यावा लागतो.

बिनतारी

म्हणजे ज्याने प्रिंट टू फाइल करून ठेवलं त्याने त्याऐवजी पीडीएफ प्रिंटर निवडला असता तर एवढं महाभारत झालं नसतं.

जुनाट डबा

पीडीएफ १९९३ ची, पण विंडोजमध्ये पीडीएफ प्रिंटर आयता मिळायला विंडोज १० उजाडावं लागलं. त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी वापरलं. आणि पीडीएफ प्रिंटरनेही देवनागरी मजकूर शाबूत राहतो असं नाही हो. प्रोग्रॅममधूनच 'एक्स्पोर्ट' करणं केव्हाही सरस, कारण तिथे मूळ युनिकोड हाताशी असतं. छपाईच्या वाटेने गेलं की तेच आकारांचं दुखणं.

आडवा कागद

ताई, त्या 'यादीत न बसणाऱ्या' फायलींचं काय झालं? 'एंटर लँग्वेज'पुढे नेमकं काय आहे?

निळी शाई

झेडजेएस लिहिलंय. एकेक फाइल लहान आहे, आतला एक शब्दही ओळखू येत नाही.

टोनरखोर

झेडजेस्ट्रीम. हा 'होस्ट बेस्ड' प्रिंटर. अशा प्रिंटरला भाषा-बिषा काही येत नाही. पानाचं संपूर्ण चित्र संगणकच तयार करतो आणि दाबून पाठवतो, प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. ६०० डीपीआयला ए४ म्हणजे साधारण ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, काळं-पांढरं धरलं तरी जवळपास ४.३५ एमबी. ते जेबिग पद्धतीने दाबलेलं असतं म्हणून फाइल लहान दिसते. अक्षर नावाची गोष्ट आत नाहीच.

घोस्टपीडीएल इथे हात टेकतं. 'फू२झेडजेएस' हा लिनक्सचा ड्रायव्हर प्रकल्प शोधा. त्यात 'झेडजेएसडीकोड' नावाचं साधन आहे, ते पानांची चित्रं उलगडून देतं. ती चित्रं पीडीएफमध्ये गुंफा आणि मराठी ओसीआर करा. ६०० डीपीआयची चित्रं असल्याने वाचन उत्तम होईल.

निळी शाई

उद्या लिनक्सच्या यंत्रावर करून बघते. शेवटचा प्रश्न: घोस्टपीडीएल सगळ्या फोल्डरावर एकदम चालवायला बॅच फाइल केली. हाताने टाइप केलेली कमांड चालते, तीच बॅच फाइलमध्ये घातली की प्रत्येक पानाच्या वेगळ्या फायली व्हायच्या त्या होत नाहीत.

अर्धविराम

आउटपुटच्या नावात पान क्रमांकासाठी टक्का आणि डी घातलं असेल ना? बॅच फाइलमध्ये एकटा टक्का विंडोज स्वतः गिळतं. दोनदा लिहा. लूपमधल्या व्हेरिएबललाही तसंच, दोन टक्के. आणि आउटपुट वेगळ्या फोल्डरात जाऊ द्या, म्हणजे मूळ पीआरएनवर चुकून काही लिहिलं जाणार नाही.

निळी शाई

दोन टक्के घातले, चाललं! झेडजेएसवाल्यांचं काय होतंय ते इथेच कळवते.